खंडाळ्याहून बोटीने वासोट्याला

आपल्या खंडाळ्याहून (लोणावळ्याजवळचं नव्हे, सातारा जिल्ह्यातलं) खंबाटकी घाट चढून साताऱ्याला जायचं, तिथून कासमार्गे बामणोली. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयातून तासा-दीड तासात बोट वासोटा किल्ल्याच्या पायथ्याला पोहोचते. इथे अख्खी बोट ठरवतात, त्यामुळे दहा-बाराजणांचा गट जमवलात तर खर्च हलका होतो. बोटीची बोलणी आधीच करा आणि सकाळी लवकर निघा, कारण अंधार पडायच्या आत परतावंच लागतं. किल्ला कोयना अभयारण्यात आहे. वनखात्याची परवानगी, प्रत्येकाचं ओळखपत्र आणि लाइफ जॅकेट हवंच. पोहता येत असलं तरी जॅकेट काढू नका, पाणी फार खोल आहे! जेवणाचा डबा घरूनच घ्या. पावसाळ्यात गड बंद असतो.