बेसबॉल पाहायचे कुठे? दिव्याखालीच अंधार!

अमेरिकेत मुलांकडे मुक्कामाला गेलेल्या आपल्याकडच्या आई-वडिलांना एक कोडे पडू शकते. शहरात बेसबॉलचा नामांकित संघ, घरात पैसे भरून घेतलेली प्रक्षेपण सेवा; तरीही ऐन सामन्याच्या वेळी पडद्यावर पाटी झळकते, की हा सामना आपल्या भागात उपलब्ध नाही. दोष यंत्राचा नसतो. तो हक्कांच्या वाटणीचा परिणाम असतो.

मेजर लीग बेसबॉलमध्ये ३० संघ आहेत. मार्चअखेरपासून सप्टेंबरअखेरपर्यंत प्रत्येक संघ १६२, म्हणजे एकूण २,४३० साखळी सामने खेळतो. त्यांतील बहुतेकांचे हक्क संघ आपापल्या भागातील क्रीडावाहिनीला विकतात. त्या वाहिनीचा ग्राहक तुटू नये म्हणून लीगच्या ‘एमएलबी डॉट टीव्ही’ या ऑनलाइन सेवेत स्थानिक संघाचे थेट सामने झाकले जातात; संघ परगावी खेळत असला तरीही. २००२ मध्ये सुरू झालेली ही सेवा मुळात परक्या शहरांतील सामन्यांसाठी आहे. आयोवा राज्याची कथा तर विलक्षण. तेथे मेजर लीगचा एकही संघ नाही. पण शेजारच्या राज्यांतील सहा संघांनी त्यावर हक्क सांगितल्याने या सेवेत त्या सहांचे सामने आयोवावासीयांना वर्षानुवर्षे दिसत नव्हते.

केबलचे ग्राहक घटू लागले, तशी ही घडी विस्कटली. अनेक संघांचे सामने दाखवणाऱ्या डायमंड स्पोर्ट्स ग्रुपने मार्च २०२३ मध्ये दिवाळखोरीसाठी अर्ज केला. त्याच वर्षी मेअखेरीस सॅन डिएगो पाद्रेसचे प्रक्षेपण लीगने स्वतःकडे घेतले आणि स्थानिक प्रेक्षकांनाही ते ऑनलाइन विकत घेण्याची सोय केली. पुढे आणखी काही संघ याच वाटेने गेले.

म्हणूनच पैसे भरण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, आपला झिप कोड कोणत्या संघांच्या हद्दीत येतो? लीगच्या संकेतस्थळावर तो भरून हे तपासता येते. आवडता संघ त्या यादीत नसेल, तर एमएलबी डॉट टीव्ही उपयोगाची. असेल, तर त्या संघाची स्थानिक वाहिनी किंवा तिचीच ऑनलाइन सेवा घ्यावी.

दुसरी, सामना राष्ट्रीय प्रक्षेपणाचा तर नाही ना? २०२२ पासून शुक्रवारचे काही सामने ॲपलच्या सेवेवर असतात. २०२६ पासूनच्या करारांनुसार रविवार रात्रीचे सामने एनबीसीकडे, हंगामाचा सलामीचा सामना नेटफ्लिक्सकडे, तर एमएलबी डॉट टीव्हीची विक्री ईएसपीएनकडे आली आहे. एखाद्या सेवेला एकहाती दिलेला सामना इतरत्र शोधून सापडत नाही.

तिसरी, फुकट काय मिळते? फॉक्सचे सामने साध्या अँटेनावर दिसतात. २००० पासून अंतिम फेरी, म्हणजे वर्ल्ड सिरीज, याच वाहिनीवर होते. त्यामुळे ज्याला केवळ ऑक्टोबरमधील तो थरार हवा आहे, त्याने वर्षभराची वर्गणी भरण्याचे कारण नाही. झाकलेला सामनाही कायमचा हुकत नाही. तो संपल्यानंतर साधारण दीड तासाने त्याचे संपूर्ण चित्रण एमएलबी डॉट टीव्हीवर खुले होते.

अमेरिका आणि कॅनडाबाहेरच्या बहुतांश देशांत स्थानिक संघाचा हा पडदा नसतो. येथे अडचण येते ती घड्याळाची. न्यूयॉर्कमध्ये संध्याकाळी सात वाजून पाच मिनिटांनी सुरू होणारा सामना आपल्याकडे दुसऱ्या दिवशी पहाटे ४.३५ वाजता लागतो. लॉस एंजेलिसचा सात वाजून दहाचा सामना सकाळी ७.४० ला, चहाच्या वेळी. शिकागोच्या रिग्ली फील्डवर मात्र दुपारचे सामने भरपूर होतात, तिथले १.२० म्हणजे आपले रात्रीचे ११.५०. शिकागोत राहणाऱ्या मुलाला आपल्याच शहरातील जो सामना या सेवेत दिसत नाही, तोच फोंड्यात बसलेल्या वडिलांना मात्र थेट पाहता येऊ शकतो. जागरणाची तयारी तेवढी हवी.