ओळखीच्याने पाठवलेली फाईल आणि चकाचक ट्रेडिंग ॲप : दोघांचीही पारख कशी करायची?



बपेरा हे भंडारा जिल्ह्यात, तुमसर तालुक्यात, मध्य प्रदेशच्या सीमेजवळ असलेलं गाव. शेअर बाजार मुंबईत. तरीही सकाळी सव्वानऊला बाजार उघडला की बपेऱ्यातल्या पोराच्या मोबाईलवर जो भाव दिसतो, तोच दलाल स्ट्रीटवर बसलेल्या ब्रोकरला दिसतो. ही सोय आपल्या आजोबांच्या काळात कोणाला स्वप्नातही दिसली नसती.

पण ज्या मोबाईलमध्ये डीमॅट खातं आहे, त्याच मोबाईलवर व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका येते, टेलिग्रामवर टिप्स येतात आणि 'हे नवीन ॲप टाक, जबरदस्त आहे' असा मेसेजही येतो. यातलं काय उघडायचं आणि काय नाही? हाच प्रश्न पंचवीस वर्षांपूर्वी कॉम्प्युटर वापरणाऱ्या ट्रेडर लोकांनाही पडला होता. त्यामुळे सुरुवात तिथूनच करूया.

तेव्हा नेमकं काय झालं होतं?

नॅशनल स्टॉक एक्सचेंजने १९९४ मध्ये शेअरचे व्यवहार थेट कॉम्प्युटरवर सुरू केले. ब्रोकरच्या ऑफिसच्या छतावर व्हीसॅटची डिश बसायची आणि सौदे सॅटेलाईटमार्फत व्हायचे. मुंबईच्या जुन्या बीएसईमध्ये तोपर्यंत दलाल रिंगमध्ये उभे राहून ओरडून सौदे करायचे. तिथेही १९९५ मध्ये 'बोल्ट' ही कॉम्प्युटर प्रणाली आली. २००० मध्ये घरातल्या इंटरनेटवरून शेअर घ्यायला परवानगी मिळाली.

मग सॉफ्टवेअरची स्पर्धा लागली. एनएसईचा स्क्रीन 'नीट', बीएसईचा 'बोल्ट'. दोन्ही बाजार एकाच खिडकीत दाखवणारं 'ओडिन'सारखं सॉफ्टवेअर पुढे ब्रोकरांमध्ये चांगलंच चाललं. चार्ट पाहणाऱ्यांसाठी 'मेटास्टॉक' वेगळं. रोज संध्याकाळी एक्सचेंजची 'भावकॉपी', म्हणजे दिवसभराच्या भावांची फाईल, डाऊनलोड करायची आणि चार्टमध्ये भरायची, असा अनेकांचा नेम होता. थोडक्यात, फाईल घेणं-देणं हा धंद्याचाच भाग होता.

आणि ४ मे २००० ला 'आय लव्ह यू' व्हायरस आला.

'आय लव्ह यू' इतका पसरला कसा?

मेल यायचा तो ओळखीच्याच माणसाकडून. सोबत एक फाईल असायची : 'लव्ह-लेटर-फॉर-यू डॉट टीएक्सटी डॉट व्हीबीएस'. त्या वेळी विंडोज फाईलच्या नावाचं शेवटचं शेपूट लपवून ठेवायचं. त्यामुळे लोकांना फक्त 'डॉट टीएक्सटी' दिसायचं. साधं पत्र समजून ते क्लिक करायचे आणि आतला प्रोग्राम चालू व्हायचा. तो कॉम्प्युटरवरचे फोटो खराब करायचा, पासवर्ड चोरणारा दुसरा प्रोग्राम आणायचा प्रयत्न करायचा आणि आऊटलुकमधल्या सगळ्या पत्त्यांवर स्वतःची कॉपी पाठवायचा. म्हणजे पुढच्या माणसाला तो मेल तुमच्याच नावाने जायचा!

काही तासांत तो जगभर पोचला. ब्रिटनच्या संसदेलाही आपली मेल सिस्टीम बंद करावी लागली. ज्याने हा व्हायरस बनवला तो फिलिपीन्सचा एक तरुण होता. त्या देशात तेव्हा अशा गुन्ह्यासाठी कायदाच नव्हता, म्हणून तो सुटला. भारतात आयटी कायदा त्याच वर्षी १७ ऑक्टोबरपासून लागू झाला आणि त्यात व्हायरस पसरवण्याचा स्पष्ट उल्लेख आहे.

व्हायरसविरुद्धच्या लढाईत मराठी माणूसही मागे नव्हता बरं का. साताऱ्याकडच्या रहिमतपूरचे कैलास काटकर पुण्यात रिपेअरिंगचं दुकान चालवायचे. दुरुस्तीला येणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस सापडायचे. धाकटा भाऊ संजय याने त्यावर सॉफ्टवेअर लिहिलं आणि त्यातूनच 'क्विक हील' उभी राहिली.

आज तोच खेळ मोबाईलवर

जीमेल आता एक्सई, व्हीबीएस आणि एपीके फाईल मेलमधून जाऊच देत नाही. पण व्हॉट्सॲप आणि टेलिग्रामवर एपीके पाठवता येते. एपीके म्हणजे ॲन्ड्रॉईड ॲप बसवायची फाईल. नाव मात्र 'लग्नपत्रिका', 'आरटीओ चलान', 'पीएम किसान यादी' असं काहीही असू शकतं.

समजा तुमच्या मामाच्या नंबरवरून 'लग्नपत्रिका डॉट एपीके' आली. तुम्ही टॅप केलं. मोबाईल विचारतो, 'अनोळखी ठिकाणाहून ॲप बसवू का?' तुम्ही 'हो' म्हणता. मग ते एसएमएस वाचायची परवानगी मागतं. तीही दिलीत की तुमचे ओटीपी चोराच्या हातात. ओटीपी वापरून तो तुमचं व्हॉट्सॲप स्वतःकडे घेतो आणि तीच पत्रिका तुमच्या नावाने सगळ्या गावाला पाठवतो. मामाचंही असंच झालेलं असतं. 'आय लव्ह यू'चीच ही नवी आवृत्ती.

म्हणून पहिला नियम : पाठवणाऱ्याचं नाव बघून फाईल उघडू नका, फाईलचं शेपूट बघा. पत्रिका फोटो किंवा पीडीएफ असते. शेवटी 'एपीके' दिसलं तर ती पत्रिका नाहीच. मामाला फोन लावा आणि विचारा. ब्रोकरची रोजची कॉन्ट्रॅक्ट नोटसुद्धा साधारणपणे पीडीएफमध्येच मेलवर येते. त्या नावाने एपीके किंवा झिप आली तर हात लावू नका. प्रीमियम चार्ट फुकट देणारी 'मॉड' ॲप्सही याच जातीची.

मग ट्रेडिंग ॲप कोणतं चांगलं?

हा प्रश्न सगळेच विचारतात. आधी एक गोष्ट समजून घ्या. ॲप ही फक्त खिडकी आहे. सौदा होतो एक्सचेंजमध्ये. २४ फेब्रुवारी २०२१ ला तांत्रिक बिघाडामुळे एनएसईच काही तास बंद पडलं होतं. तेव्हा कोणाचंही ॲप असो, एनएसईवर सौदा होत नव्हता. सरकारी करही सगळ्या ॲपवर सारखाच लागतो. फरक पडतो तो दलालीत, वार्षिक चार्जेसमध्ये, कमी नेटवर्कवर ॲप चालतं का यात आणि अडचण आली तर फोन उचलणारं कोणी आहे का यात. गावात रेंज जाते-येते, त्यामुळे फोनवरून ऑर्डर देता येते का, हेही विचारून घ्या.

'आमचं सॉफ्टवेअर वापरा, रोज प्रॉफिट' असं कोणी म्हणालं तर सेबीचा आकडा आठवा. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या वैयक्तिक ट्रेडरपैकी ९३ टक्के लोक तोट्यात गेले. एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून जास्त. सॉफ्टवेअर तर या सगळ्यांकडे होतंच.

ॲप खरं आहे का, हे कसं ओळखाल?

बनावट ॲपमध्ये भाव हलतात, चार्ट दिसतात, तुमचा नफाही वाढताना दिसतो. फक्त पैसे काढायला गेलात की 'आधी टॅक्स भरा' असं सांगतात. परदेशी गुंतवणूक संस्थांचं नाव वापरणाऱ्या अशा प्लॅटफॉर्मबद्दल सेबीने फेब्रुवारी २०२४ मध्ये इशारा दिला होता. दिसण्यावरून फरक कळत नाही, म्हणून या चार गोष्टी तपासा :

१. नोंदणी : ब्रोकरचं नाव आणि नोंदणी क्रमांक सेबीच्या वेबसाईटवर शोधा. ॲपची लिंक ब्रोकरच्या अधिकृत साईटवरूनच घ्या, ग्रुपमधून नाही.

२. पैसे कोणाकडे जातात : नोंदणीकृत ब्रोकरांसाठी ऑक्टोबर २०२५ पासून खास यूपीआय आयडी आले आहेत. त्यात 'ॲट'च्या चिन्हानंतर 'व्हॅलिड' हा शब्द असतो. 'सेबी चेक' या सुविधेवर आयडी किंवा खातं तपासताही येतं. कोणा व्यक्तीच्या खात्यात पैसे टाकायला सांगितले तर तिथेच थांबा.

३. शेअर खरंच आलेत का : तुमचे शेअर ॲपमध्ये नसतात. ते एनएसडीएल किंवा सीडीएसएल या डिपॉझिटरीत तुमच्या नावावर असतात. आज घेतलेला शेअर पुढच्या कामकाजाच्या दिवशी जमा होतो. डिपॉझिटरीच्या स्वतःच्या ॲपवर जाऊन बघा. ट्रेडिंग ॲप लाखभराचे शेअर दाखवतंय आणि डिपॉझिटरीत काहीच नाही, तर ते लाख रुपये फक्त स्क्रीनवरचं चित्र आहे.

४. परवानग्या : शेअर घ्यायला-विकायला तुमचे सगळे एसएमएस आणि कॉन्टॅक्ट कशाला लागतात? हट्ट धरणारं ॲप काढून टाका.

चुकून टॅप झालंच तर?

लाजू नका आणि वेळ घालवू नका. मोबाईलचं नेट बंद करा. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खातं थांबवा. ब्रोकरला सांगून ट्रेडिंग खातं गोठवा. ही सोय ब्रोकरने देणं सेबीने सक्तीचं केलं आहे. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा. जितका लवकर फोन, तितकी पुढच्या खात्यात रक्कम अडवण्याची शक्यता जास्त. मेसेजचे स्क्रीनशॉट घेऊन ठेवा, मगच मोबाईल रीसेट करा. आणि घरच्यांना, मित्रांना सांगा : माझ्या नंबरवरून काही आलं तर उघडू नका.

धान विकताना आपण अडत्याचा काटा बघतोच, अडत्या कितीही ओळखीचा असो. मोबाईलवर आलेल्या फाईललाही तोच नियम लावा.