रुची
रुची : चव, गोडी व आवड या अर्थांचा मराठीत रूढ असलेला तत्सम शब्द. संस्कृत ‘रुच्’ धातूचे अर्थ प्रकाशणे, शोभणे व आवडणे असे असून ‘रुचि’ म्हणजे कांतीही आणि आवडही. मराठीत तेजाचा अर्थ मागे पडला व ‘तोंडाला रुची नाही’, ‘हे बोलणे त्याला रुचले नाही’ असे प्रयोग स्थिरावले. कलाकृतीचे गुणदोष पारखण्याच्या शक्तीस अभिरुची म्हणतात. १९४३ मध्ये बडोद्याहून निघालेल्या वाङ्मयीन मासिकाचे नाव हेच होते. चवीच्या शब्दाचा असा अर्थविस्तार अन्यत्रही आढळतो : गेलिक भाषेतील ‘ब्लास’ हा शब्द चवीप्रमाणेच बोलण्याच्या धाटणीलाही लावतात.

चवींच्या नावांतही अर्थांतर झालेले आहे. आयुर्वेदात मधुर, अम्ल, लवण, कटू, तिक्त व कषाय असे सहा रस मानले आहेत. त्यांपैकी कटू म्हणजे तिखट (उदा., मिरी) आणि तिक्त म्हणजे कडू (उदा., कडुनिंब). मराठी ‘कडू’ हा शब्द मात्र ‘कटुक’ यापासून व्युत्पन्न झालेला असून त्याने तिक्ताची जागा घेतली आहे. त्यामुळे जुन्या वैद्यकग्रंथांतील ‘कटू’चा अर्थ ‘कडू’ असा घेतल्यास द्रव्याचा गुणच उलटा समजला जातो. कारण कटू रस उष्ण, तर तिक्त रस शीत मानला आहे. त्रिकटूतील सुंठ, मिरी व पिंपळी ही तिन्ही द्रव्ये कडू नसून तिखट आहेत.