आउटलेट मॉलचा बहर का ओसरला?

अमेरिकेत मुलाकडे किंवा लेकीकडे उन्हाळ्यात राहायला गेलेल्या मराठी आईवडिलांच्या कार्यक्रमात नायगाराइतकाच आणखी एक दिवस पक्का असायचा, तो म्हणजे आउटलेटचा. सकाळी डबे भरून निघायचे, तासभर गाडीने जायचे आणि संध्याकाळी भाचे, पुतणे, शेजारी अशा सगळ्यांसाठी टी-शर्ट, पर्स आणि बूट घेऊन परतायचे. ‘किंमत 80 डॉलर होती, आम्हाला 25ला मिळाला’ हे वाक्यही बॅगेतल्या सामानाबरोबर भारतात यायचे.

आता हा दिवस अनेकांच्या कार्यक्रमातून गळू लागला आहे. महामार्गालगतची कितीतरी छोटी आउटलेट केंद्रे बंद पडली, काहींच्या जागी दुसरेच काही उभे राहिले. ‘ऑनलाइन खरेदीने मॉल संपवले’ हे उत्तर सोपे आहे, पण ते अर्धेच आहे. उरलेले अर्धे उत्तर आपल्या खिशाशी जास्त संबंधित आहे.

गिरणीच्या कोपऱ्यातले दुकान

आउटलेटची सुरुवात अगदी साधी होती. अमेरिकेच्या पूर्व भागातले कापड आणि बुटांचे कारखाने किरकोळ दोष असलेला किंवा जास्तीचा माल कारखान्यातच आपल्या कामगारांना स्वस्तात विकत. पुढे बाहेरचे लोकही येऊ लागले. 1936मध्ये अँडरसन-लिटल या पुरुषांच्या कपड्यांच्या कंपनीने कारखान्यापासून वेगळी अशी आउटलेट दुकाने काढली.

खरा बदल झाला तो पेनसिल्व्हेनियातल्या रेडिंग परिसरात. इथली बर्कशायर निटिंग मिल्स ही मोज्यांची गिरणी एके काळी जगातल्या सर्वांत मोठ्या मोजे-गिरण्यांमध्ये गणली जात असे. ती व्हॅनिटी फेअर कंपनीच्या ताब्यात गेली आणि 1970च्या दशकात गिरणीच्या आवारातच एकापेक्षा जास्त ब्रँडची आउटलेट दुकाने एकत्र आली. लांबलांबच्या गावांतून बस भरभरून लोक येऊ लागले. रेडिंग स्वतःला ‘जगाची आउटलेट राजधानी’ म्हणवून घेऊ लागले.

तिथे ग्राहकाला स्वस्त का मिळते, याचे कारण डोळ्यांना दिसत होते. शिवण किंचित वाकडी, रंग थोडा वेगळा किंवा हंगाम संपलेला. आपल्याकडे गिरणीच्या दुकानातून किंवा कटपीस सेंटरमधून कापड घेणाऱ्या घरांना हे गणित वेगळे समजावून सांगायला नको.

शहरापासून तासभर दूर

1980च्या दशकात हा व्यवसाय बिल्डरांच्या हाती गेला. स्टॅन्ली टँगर यांनी 1981मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या बर्लिंग्टन इथे केवळ आउटलेटसाठी बांधलेले केंद्र सुरू केले. 1985मध्ये न्यूयॉर्क शहरापासून सुमारे 80 किलोमीटरवर वुडबरी कॉमन उघडले. आज तिथे दोनशेहून अधिक दुकाने आहेत.

ही केंद्रे शहराबाहेर असण्यामागे व्यवहार होता. तिथे जमीन स्वस्त होती. शिवाय ब्रँडना आपला माल पूर्ण किमतीत विकणाऱ्या शहरातल्या मोठ्या दुकानांना दुखवायचे नव्हते. ग्राहकाच्या मनात मात्र या अंतराने वेगळेच काम केले. इतक्या लांब आलो, पेट्रोल जाळले, म्हणजे इथे नक्कीच स्वस्त असणार, आणि आता रिकाम्या हाताने परतायचे नाही. अशा मनःस्थितीत दोन वस्तू घ्यायला गेलेले कुटुंब सहा पिशव्या घेऊन परतते.

मुद्दाम आउटलेटसाठी शिवलेला माल

मग एक अडचण उभी राहिली. देशभर शेकडो केंद्रे झाली, पण उरलेला माल असून असून असणार किती? दुकाने वर्षभर भरलेली ठेवायची तर शिल्लक मालावर भागत नव्हते. म्हणून ब्रँड खास आउटलेटसाठी वेगळा माल बनवू लागले. नाव तेच, पण कापड हलके, अस्तर गायब, बटणे साधी. गॅपने आउटलेटमधल्या आपल्या कपड्यांच्या लेबलवर तीन छोटे चौकोन छापले. ज्याला ठाऊक होते त्याला खूण कळे, बाकीच्यांना फक्त ब्रँडचे नाव दिसे.

असा माल बनवण्यात गैर काही नाही. स्वस्त वस्तू स्वस्तात विकली तर तक्रार कोणाची? प्रश्न आला तो टॅगवरच्या खोडलेल्या किमतीचा. जी पर्स मुख्य दुकानात कधी गेलीच नाही, तिची ‘मूळ किंमत’ आली कुठून?

जानेवारी 2014मध्ये अमेरिकेच्या तीन सिनेटर आणि प्रतिनिधिगृहाच्या एका सदस्या यांनी फेडरल ट्रेड कमिशनला पत्र लिहून याच विषयावर लक्ष घालण्याची मागणी केली. आउटलेटमधला 85 टक्क्यांहून अधिक माल खास आउटलेटसाठीच बनतो, असा अंदाज त्या पत्रात दिला होता. पुढच्याच वर्षी मायकल कोर्स कंपनीने आउटलेटच्या टॅगवरील किमतींबाबत ग्राहकांनी केलेला दावा 48 लाख डॉलरहून अधिक रक्कम देऊन, चूक मान्य न करता, मिटवला. इतर काही ब्रँडवरही असेच दावे झाले.

तासभर प्रवास करण्याचे कारणच असे हलले. ग्राहक लांब येत होता तो अस्सल माल कमी किमतीत मिळतो या विश्वासावर, आणि तो विश्वास पातळ झाला.

सवलत दारात आली

नेमक्या याच काळात स्वस्ताईने शहरात आणि नंतर फोनमध्ये प्रवेश केला. टी. जे. मॅक्स, मार्शल्ससारखी दुकाने ब्रँडचा जास्तीचा माल घेऊन घराजवळच स्वस्तात विकत होती. ब्रँडनी आपल्या आउटलेटच्या वेबसाइट काढल्या. 2015मध्ये अ‍ॅमेझॉनचा प्राइम डे सुरू झाला. वर्षभर कुठे ना कुठे सेल सुरूच असेल, तर त्यासाठी लांब कशाला जायचे?

2020मध्ये कोविडने पर्यटक थांबवले. जे. क्रू आणि ब्रुक्स ब्रदर्स या आउटलेट केंद्रांत हमखास दिसणाऱ्या कंपन्यांनी त्याच वर्षी दिवाळखोरीचा अर्ज केला. रेडिंगच्या त्या जुन्या गिरणीच्या आवारातली दुकानेही उठली आणि इमारतींत कार्यालये आली.

सगळीच केंद्रे मात्र संपली नाहीत. वुडबरी कॉमनसारख्या मोठ्या आणि पर्यटकांच्या वाटेवरच्या केंद्रांत आजही गर्दी असते. लोक तिथे सहलीला जातात, खातात, फिरतात. कोमेजली ती प्रामुख्याने आडरस्त्यावरची छोटी केंद्रे, ज्यांच्याकडे स्वस्ताईखेरीज दुसरे काहीच नव्हते.

आपल्या फोनमधले आउटलेट

आपल्याकडेही बेंगळुरूचे मराठाहळ्ळी, दिल्लीचे महिपालपूर, मुंबईत अंधेरीचा महाकाली केव्ह्ज रोड हे भाग फॅक्टरी आउटलेटसाठी ओळखले गेले. आज तिथे न जाताही प्रत्येकाच्या हातात एक आउटलेट आहे. अ‍ॅपवर खोडलेली मोठी किंमत, शेजारी ठळक छोटी किंमत आणि ‘70 टक्के सूट’ची पट्टी. अंतर नाहीसे झाले, पण टॅगची युक्ती तीच राहिली.

दिवाळीच्या खरेदीआधी काही गोष्टी घरात सर्वांनीच लक्षात ठेवाव्यात :

• वाचवले किती यापेक्षा द्यायचे किती, हे आधी पाहा. खोडलेली किंमत बोटाने झाका आणि विचारा, या वस्तूला मी एवढे पैसे एरवी दिले असते का?

• छापील एमआरपी ही जास्तीत जास्त घेता येणारी किंमत आहे. ती वस्तू त्या किमतीला कधी विकली गेली होती, असा त्याचा अर्थ होत नाही. तेच उत्पादन दोन-तीन ठिकाणी किती रुपयांना मिळते ते पाहा.

• दुकानात कपडा उलटा करून बघा. शिवणीत माया किती सोडली आहे, अस्तर आहे का, काजे नीट आहेत का, चेन अडकते का? ऑनलाइन घेताना कापडाचा तपशील आणि ग्राहकांनी टाकलेले फोटो पाहा.

• लेबलवर ब्रँडच्या नावापुढे ‘फॅक्टरी’ किंवा ‘आउटलेट’ असेल तर तो वेगळा माल असण्याची शक्यता धरा. तो वाईटच असेल असे नाही, पण त्याची तुलना मुख्य दुकानातल्या मालाशी करू नका.

• बदलून मिळेल का, पैसे परत मिळतील का, हे बिल करण्याआधी विचारा. फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार करता येते.

घरातल्या मुलांनाही हा हिशेब शिकवायला हवा. 2000 रुपयांचा शर्ट 700ला घेतला तर 1300 रुपये वाचले असे त्यांना वाटते. प्रत्यक्षात घरातून 700 रुपये गेलेले असतात, आणि गरज नसेल तर सातशेच्या सातशे वाया गेलेले असतात. गिरणीच्या कोपऱ्यातल्या दुकानात ग्राहकाला निदान स्वस्ताईचे कारण दिसत होते. आज ते दिसत नाही, तेव्हा पैसे देण्याआधी ते विचारून घेणे हे आपलेच काम आहे.