फुलासमोर हवेत थांबणारा किडा : मित्र की शत्रू?



परसात घाणेरी किंवा सदाफुली फुललेली असते. एक जाडसर जीव भर्रकन येतो, फुलावर न बसता समोर हवेतच थांबतो, लांब सोंड आत घालतो आणि पुढच्या फुलाकडे जातो. कुणी म्हणतं पाखरू, कुणी म्हणतं गांधीलमाशी. तिकडे वालाच्या शेतात काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची बारीक माशी अशीच तरंगत असते. तिला पाहून पोरं पळतात आणि मोठी माणसं फवारणीचा पंप शोधतात. ओळख चुकली की औषधाचा पैसा वाया जातो आणि पिकाचा राखणदारही मरतो.

पाखरू नव्हे, पतंग

हमिंगबर्ड हा पक्षी फक्त अमेरिका खंडांत आढळतो, आपल्याकडे नाही. आपल्याकडचा शिंजीर फुलातला मध पितो, पण बहुधा फांदीवर बसून. तेव्हा हवेत थांबून मध पिणारा हा जीव म्हणजे दिवसा उडणारा पतंग, हॉक मॉथ. नीट बघा : डोक्यावर दोन मिशा, सहा पाय आणि घड्याळाच्या कमानीसारखी गुंडाळणारी सोंड. पाखराला यातलं काहीच नसतं.

यातल्या एका जातीचे पंख काचेसारखे पारदर्शक असतात. अंग हिरवट-पिवळं, पोटावर तांबूस पट्टा आणि शेपटाला काळा झुपका. कोषातून बाहेर येताना पंखांवर भुरकट खवले असतात. पहिल्याच उड्डाणात ते झडून जातात. हा पतंग डसत नाही.

त्याची अळी अनंताची पानं खाते. अळी हिरवी, शेपटीवर एक शिंग. तिळावरची शिंगवाली अळी आपण पाहिली असेल, तिच्याच कुळातली ही. अनंताचं झाड मोठं असेल तर चार पानं गेल्याने बिघडत नाही. रोप लहान असेल तर अळ्या हाताने वेचा. औषधाची गरज नाही.

मधमाशीचं सोंग घेणारी सिरफिड माशी

हिचे पट्टे मधमाशीसारखे, पण नांगी नाही. मधमाशीला पंख चार, हिला दोनच. डोळे मोठे, मिशा अगदी आखूड. एकाच जागी हवेत स्थिर राहते, झटक्यात बाजूला सरकते आणि पुन्हा थांबते.

ही माशी स्वतः मध आणि पराग खाते. खरं काम करते ती तिची अळी. मादी माव्याच्या थव्याजवळ तांदळाच्या कणीसारखं पांढरं अंडं घालते. त्यातून बिनपायांची, डोक्याकडे निमुळती, हिरवट अळी निघते. आठ-दहा दिवसांच्या वाढीत ती शेकडो मावा फस्त करते. नेमकी हीच अळी शेंड्यावर पाहून पिकाला कीड लागली असं वाटतं. फरक सोपा आहे : ही अळी पानाला भोक पाडत नाही आणि माव्याच्या गर्दीतच सापडते.

मधमाशी आणि भुंगा

मधमाशी फुलावर बसते आणि तिच्या मागच्या पायांवर परागाच्या गोळ्या दिसतात. सुक्या लाकडाला, बांबूला भोक पाडून राहणारा मोठा काळा भुंगा घोंघावत घिरट्या घालतो. हे दोघेही परागीभवन करतात. त्यांना मारू नका.

वालावर मावा दिसला तर

ठाणे खाडीकाठच्या करावे, नेरूळ, बेलापूर या गावांची शेतजमीन १९७० नंतर नवी मुंबई शहरासाठी गेली. तिथे आता परसातल्या वेलीवरच भागवावं लागतं. पनवेल, उरण, पेण, अलिबागकडे मात्र भात कापल्यावर जमिनीच्या ओलीवर वाल घेतला जातो. थंडीत, ढगाळ हवेत त्यावर काळा मावा येतो. याच शेंगा आपण पोपटीत घालून पोराबाळांसह खातो. म्हणून विषारी औषधाची घाई नको.

१) शेतात पाच-सहा ठिकाणी शेंडे उलटून पाहा. सिरफिडची अळी किंवा ढालकिडा दिसला तर चार दिवस थांबा.
२) मावा थोड्याच शेंड्यांवर असेल तर ते खुडून नष्ट करा. परसातल्या वेलीवर पाण्याचा जोराचा फवारा पुरतो.
३) मावा वाढतच असेल आणि मित्रकीटक दिसत नसतील, तर ५ टक्के निंबोळी अर्क फवारा. ५ किलो निंबोळीची भुकटी रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी फडक्यातून गाळा, १०० लिटर पाणी करा, त्यात २०० ग्रॅम साबणचुरा मिसळा. परसासाठी याच प्रमाणात १० लिटर करा.
४) फवारणी संध्याकाळी करा, म्हणजे मधमाश्या फुलांवर नसतात.
५) बांधावर कोथिंबीर, बडीशेप फुलू द्या. सिरफिड माशीला तिथे मध मिळतो.

लक्षात ठेवा

पंख दोन, मिशा आखूड – सिरफिड माशी, मित्र.
पंख चार, पायांवर पराग – मधमाशी, मित्र.
गुंडाळलेली लांब सोंड – पतंग, निरुपद्रवी.

आधी पंख मोजा, मगच पंपाला हात लावा.