बालकांचा रक्ताचा कर्करोग

शाळेत चपळ असलेले मूल एकाएकी फिकट पडते, ताप हटत नाही, हाडे दुखतात म्हणून ते खेळणे टाळते, मार न लागता अंगावर निळे डाग उमटतात, मानेत गाठी येतात. ही लक्षणे एकत्र आढळल्यास केवळ अशक्तपणा न समजता रक्ततपासणी करणे अगत्याचे आहे. अस्थिमज्जेत अपक्व पांढऱ्या पेशी बेसुमार वाढल्याने हा रोग होतो. तो संसर्गजन्य नाही.

मुलांत बहुधा लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया हा प्रकार आढळतो. संपन्न देशांत त्यातून दहांपैकी सुमारे नऊ मुले आज वाचतात. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात १९८६ साली 'एमसीपी-८४१' ही औषधयोजना सुरू झाल्यापासून तेथील प्रमाणही पुष्कळ सुधारले. अडचण निराळीच आहे. साधारण महिनाभरात बहुतेकांच्या रक्तात रोगपेशी दिसेनाशा होतात, मूल हसूखेळू लागते. आणि प्रवासखर्चाने व बुडालेल्या मजुरीने टेकीस आलेले आईवडील ते बरे झाले असे समजून त्याला गावी नेतात. दडलेल्या पेशी मात्र पुन्हा वाढतात, आणि उलटलेला रोग आवरणे फार कठीण असते. उपचार दोन ते तीन वर्षे चालतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगावरील उपचारांचा समावेश आहे, ही माहिती अशा घरी वेळेवर पोचली पाहिजे.