व्हिसा मिळाला, नोकरीचे काय?

कोकणातल्या मुस्लिम घरांना परदेशची नोकरी नवी नाही. आजोबा बोटीवर, वडील कुवेतला नाहीतर दम्मामला, असे कितीतरी घरांत चालत आले. आखातात आधी नोकरी ठरते, मग कफील व्हिसा काढतो. विमानातून उतरणाऱ्याला पगार आणि राहण्याची जागा माहीत असते. कॅनडाचा हिशेब उलटा आहे. २०१५ पासून सुरू असलेल्या एक्स्प्रेस एन्ट्री पद्धतीत वय, शिक्षण, अनुभव आणि भाषा यांचे गुण धरून कायम राहण्याची परवानगी, म्हणजे पीआर मिळते. नोकरी मात्र बहुतेकांना तिथे पोहोचून स्वतःच शोधावी लागते. आखाताची सवय मनात ठेवून जाणाऱ्याला पहिला धक्का इथेच बसतो.

दुसरा धक्का पदवीचा. पीआरसाठी आपल्या पदवीचे मूल्यमापन करून घेतात. आपली पदवी तिथल्या कोणत्या पदवीच्या बरोबरीची, एवढेच तो अहवाल सांगतो. व्यवसाय करण्याचा परवाना ही वेगळी गोष्ट. तो प्रांताप्रांतांच्या संस्था देतात. डॉक्टर, नर्स, फार्मासिस्ट यांना त्याशिवाय काम करता येत नाही. सॉफ्टवेअरवाल्याला परवाना लागतच नाही. इंजिनिअर परवानाधारक इंजिनिअरच्या हाताखाली कामाला लागू शकतो, परवाना मागाहून मिळवता येतो. आपला व्यवसाय यातल्या कोणत्या गटात बसतो, हे तिकीट काढण्याआधी पाहावे.

कागद इथे असतानाच गोळा करावेत. मुंबई विद्यापीठाची ट्रान्सक्रिप्ट कलिन्याहून काढणे टोरांटोत बसून किती जड जाते, ते ज्याने केले त्याला विचारा. आपल्याकडे आणखी एक घोळ असतो. शाळेच्या दाखल्यावर मोहम्मदचे स्पेलिंग एक, पदवीवर दुसरे आणि पासपोर्टवर नुसते ‘एमडी’! बायकांच्या पदवीवर वडिलांचे नाव, पासपोर्टवर नवऱ्याचे. ही नावे आधी जुळवून घ्यावीत. आखातात काम केलेल्या वेल्डर, इलेक्ट्रिशियन यांनी नोकरी सोडतानाच कंपनीकडून अनुभवाचे पत्र घ्यावे, आणि त्यात काय काम केले, किती काळ केले हे सविस्तर लिहून घ्यावे. कंपनी बंद पडल्यावर ते कोण देणार?

‘कॅनडातला अनुभव आहे का?’ या प्रश्नाने पूर्वी अनेकांची वाट अडली. आता ऑन्टारिओ प्रांताने त्याला आळा घातला आहे. तिथल्या इंजिनिअरांच्या परवाना संस्थेने मे २०२३ मध्ये ही अट काढली, आणि १ जानेवारी २०२६ पासून २५ किंवा अधिक कामगार असलेल्या मालकांना जाहिरातीत ती घालता येत नाही. मालकाच्या मनातली अट कायद्याने लगेच जाते असे आम्ही म्हणणार नाही. पण आपला बायोडाटा तरी तिथल्या रीतीचा असावा. दोन पानांत आटोपलेला, त्यावर फोटो, जन्मतारीख, धर्म, वडिलांचे नाव यांपैकी काही नको.

सुरुवातीला मशिदीतल्या किंवा गाववाल्यांच्या ओळखीने गोदामात नाहीतर टॅक्सीवर काम मिळते. घरभाडे थांबत नाही, तेव्हा ते करण्यात कमीपणा कसला? मात्र त्याच ओळखीच्या लोकांत आपल्या व्यवसायातला माणूस क्वचित भेटतो. त्यासाठी नवागतांना मदत करणाऱ्या संस्थांकडे जावे. सरकारी पैशावर चालणाऱ्या त्यांच्या सेवा पीआरवाल्यांना मोफत असतात. काही संस्था आपल्याच क्षेत्रातल्या अनुभवी माणसाशी गाठ घालून देतात. नोकरी लावतो म्हणून पैसे मागणाऱ्या दलालापासून दूर राहावे. पीआर नसलेल्या परदेशी उमेदवाराकडून भरती करणाऱ्याने असे पैसे घेणे ऑन्टारिओत कायद्याला धरून नाही.

आता ज्या गोष्टीबद्दल घरात सहसा बोलले जात नाही, तिच्याकडे वळतो. अर्ज नवऱ्याच्या नावावर असला तरी पीआर पत्नीलाही मिळते, आणि काम करण्याचा हक्क दोघांचा सारखाच. तिच्या शिक्षणाचेही गुण धरले जातात, म्हणून तिच्या पदवीचा अहवाल हौसेने काढला जातो. तिथे पोहोचल्यावर तो कपाटात जातो. आधी ह्यांचे बसू दे, मुले शाळेला लागू दे, मग माझे बघू, असे तीच म्हणते. बी. फार्म. झालेली मुलगी किराणा दुकानात गल्ल्यावर बसते आणि तीन-चार वर्षे निघून जातात.

फार्मासिस्टला कागदपत्रांची छाननी, मग परीक्षा, मग प्रांताचा परवाना, अशा पायऱ्या आहेत. छाननीसाठी कागद इथूनच पाठवता येतात. परवाना येईपर्यंत औषधांच्या दुकानात मदतनीस म्हणून राहिले तर औषधांची नावे आणि गिऱ्हाइकांशी बोलण्याची रीत अंगवळणी पडते. पगार गल्ल्यापेक्षा फार वेगळा नसेल, पण हात आपल्या व्यवसायात राहतो. काही मोफत भाषावर्गांत मुले सांभाळण्याचीही सोय असते, ती आधी विचारून घ्यावी. परीक्षांची फी बरीच असते. दोघांची एकदम परवडत नसेल तर कोणाची कधी भरायची हे निघण्यापूर्वीच, सासू-सासऱ्यांनाही बसवून, तारखेसह ठरवावे. पीआरसाठी काढलेल्या पदवीच्या अहवालाची मुदत पाच वर्षांची असते; तिच्या अहवालावरची तारीखही त्याच बैठकीत पाहून घ्यावी.